उलटं प्रश्नचिन्ह

सांतो दोमिंगोच्या कमानींखाली
आता आम्ही सहाच उरलो टाइपरायटरवाले.
बाकीच्या टेबलांवर लग्नपत्रिका छापून मिळतात,
आणि हळू आवाजात विचारलं तर पदव्याही.

माझा बाप इथेच बसायचा, दौत आणि टाक घेऊन.
मधल्या बोटाला शाईचा घट्टा होता,
तो त्याच्याबरोबरच पुरला.
लोक म्हणत, याच्या अक्षराला पोरी होकार देतात.
मी यंत्र आणलं तेव्हा आठवडाभर बोलला नाही.
मग जेवताना एकदम म्हणाला,
यात रडणारा नि हसणारा सारखाच दिसतो रे, नेमेसियो.
खरं होतं.
जागेचं भाडंही खरं होतं.

तेव्हा तारांचे मजकूरही मीच करून द्यायचो.
शब्दागणिक पैसे,
म्हणून माणसांचं दुःख कातरायला शिकलो.
'तुझी आई गेली, ये.'
मी 'तुझी' खोडायचो.
एका म्हाताऱ्याने ते परत लिहायला लावलं,
नाणं टेबलावर आपटून.

एर्मेलिंदा यायची महिन्याच्या पहिल्या सोमवारी,
दोन बसा बदलून, अंगाला उकडलेल्या मक्याचा वास.
पोरगा पलीकडे, उत्तरेत, कोंबड्यांच्या कारखान्यात.
मायना तिचा ठरलेला: 'माझ्या आतड्याच्या फिदेन्सियो'.
मी म्हणायचो, 'प्रिय' पुरे.
ती म्हणायची, पुरे कुणाला?

मग तिच्या हातात मोबाइल आला आणि सोमवार रिकामे झाले.
एकदा लांबून दिसली, कारंज्यापाशी.
फोन ओठांशी धरून
गरम घासावर फुंकर मारावी तशी बोलत होती.
बोट उचललं, निरोप पोचला.
ना पाकीट, ना तिकीट, ना मी.
खोटं कशाला सांगू,
घरी जाऊन मी रिबन बदलली. गरज नव्हती.

गेल्या मंगळवारी ती परत आली.
फोनची काच तडकलेली, वर रबरबँड.
म्हणाली, आठ महिने झाले, पोराचा पत्ता नाही.
हा शेवटचा निरोप यात आहे,
आणि हा आता चार्ज धरत नाही.
कागदावर उतरवून द्या.
मी म्हटलं, तुला वाचता कुठे येतं?
ती म्हणाली, धरता येतं.

माझ्या नातवाने कुठूनशी वायर आणली.
चाळीस सेकंदांचा आवाज.
मी कागद चढवला, खाली कार्बन, सवयीने.
'आई, इथे थंडी सुरू झाली' इथवर सोपं होतं.
मग तो खोकला.
मी थांबलो. ती म्हणाली, तेही लिहा.
खोकल्याची कळ नाही या यंत्रात.
मागे ट्रकचा हॉर्न, कुणीतरी हसलं,
मग तो नुसताच श्वास घेत राहिला,
तेवढा वेळ मी खालची लांब पट्टी दाबत गेलो,
रिकामी जागा, रिकामी जागा,
ओळ संपली, घंटा वाजली,
दुसऱ्या ओळीवरही तो अजून श्वास घेतच होता.

आमच्या भाषेत प्रश्नाला दोन चिन्हं लागतात,
एक आधी, उलटं,
म्हणजे वाचणाऱ्याला कळावं, पुढे विचारणा आहे.
फोनवर आता ते कुणी टाकत नाही.
नातवाला तर ती छपाईची चूक वाटते.
मी टाकलं. कारण आवाज चढला होता:
'आई, तू त्या दिवशी'

एवढंच. पुढे कापलेलं.
तीनदा ऐकलं, चौथ्यांदा फोन विझला.

शेवटच्या चिन्हावर माझं बोट होतं.
एर्मेलिंदाने माझं मनगट धरलं.
पैसे मोजून ठेवले, पूर्ण पानाचे,
कागद चौघडी करून चोळीत सरकवला
आणि कमानीबाहेर जाऊन
बस कुठली म्हणून तिथल्या पोलिसाला विचारू लागली.

कार्बनची प्रत माझ्यापाशी आहे.
बाप असता तर त्याला दाखवली असती.